छातीत मशीन बसवल्यावरही येणारे झटके : यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस उत्पादकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णाला इथे महादेवराव म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात सहा एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि तूर. घरी बायको, म्हातारी आई आणि बुटीबोरीला कंपनीत कामाला असलेला मुलगा. मी त्याच पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. या प्रकरणात दोन-तीन वळणांवर माझा थेट संबंध आला. बाकीची माहिती कागदपत्रांतून आणि घरच्यांशी झालेल्या बोलण्यातून घेतली आहे.

2016 साली पोळ्याच्या आसपास त्यांच्या छातीत दुखायला लागले. घरच्यांना गॅस वाटला. सोडा, ओवा, मग गावातल्या डॉक्टरांचे इंजेक्शन यात रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दवाखान्यात पोहोचले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या बारा तासांतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, आणि ते तास गेले होते. जीव वाचला, पण हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा तुकडा मेला. इकोमध्ये पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्यापैकी किती रक्त बाहेर फेकते ते, 30 ते 35 टक्के आले. निरोगी माणसात ते 55 च्या वर असते. वर्ष-दीड वर्ष त्यांनी गोळ्या घेतल्या. पुढे बरे वाटू लागले, गोळ्या महाग पडू लागल्या आणि शेवटी एकटी ॲस्पिरिन उरली.

अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो. तो पूर्ण निर्जीव नसतो. त्यात जिवंत स्नायूंचे बारीक धागे राहून जातात आणि त्यांतून विद्युतप्रवाह हळूहळू सरकतो. एखादे दिवशी तो प्रवाह त्या व्रणाभोवती घाण्याच्या बैलासारखा एकाच फेऱ्यात फिरू लागतो आणि हृदयाचा सगळा ताबा घेतो. याला व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, म्हणजे व्हीटी म्हणतात. अटॅकनंतर पाच, दहा, पंधरा वर्षांनीही ती पहिल्यांदा येऊ शकते. हे महादेवरावांना 2016 मध्ये कोणी सांगितले नव्हते. आजही किती रुग्णांना सांगितले जाते, याची मला काळजी वाटते.

पहिला प्रसंग : विषबाधा की हृदय?

सप्टेंबर 2022. वय 52. सकाळपासून कपाशीवर फवारणी चालू होती. दुपारी महादेवराव धुऱ्यावर बसले, घामाने ओलेचिंब झाले आणि आडवे पडले. लोकांनी मोटारसायकलवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात आणले. दारातच सगळे एकसुरात म्हणाले, "फवारणीचं औषध लागलं."

आमच्या जिल्ह्यात हा संशय सहज येतो आणि यायलाच हवा. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने इथले शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून त्या हंगामात घामेजलेला, गळून गेलेला माणूस आला की ॲट्रोपिन, म्हणजे या विषबाधेवरचे इंजेक्शन, आधी हातात येते. इथेही ते सिरिंजमध्ये भरून तयार होते.

ते थांबले एका सिस्टरमुळे. नाडी मोजता येत नाही, इतकी जोरात पळते आहे, असे त्यांनी सांगितले. ड्युटीवरच्या मेडिकल ऑफिसर बाई नव्या होत्या, पण त्यांनी पुन्हा डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या नव्हत्या. तोंडाला फेस नाही, लाळ नाही, उलट जीभ कोरडी. छातीत घरघर नाही. ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकांच्या विषबाधेत दिसणारे चित्र जुळत नव्हते. त्यांनी बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून पाहणारा, ईसीजी काढला : गती मिनिटाला 190 च्या आसपास, नियमित, आणि प्रत्येक ठोका रुंद. रक्तदाब 80/50. माणूस शुद्धीवर, पण बोलताना वाक्य तुटत होते.

ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर माझ्याकडे आला. मी एकच प्रश्न विचारला : आधी अटॅक येऊन गेला आहे का? बाईंनी बायकोला विचारले. ती म्हणाली, "सहा वर्षांआधी आलता नं, पण आता तर बरे होते. कागदं घरी हायेत."

निदानाला एवढे पुरेसे होते. जुन्या अटॅकच्या रुग्णात रुंद ठोक्यांची जलद गती दिसली की ती व्हीटीच, वेगळे सिद्ध होईपर्यंत. अशा वेळी वेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही ठोके मंदावणारी औषधे दिली तर रक्तदाब कोसळून रुग्ण जाऊ शकतो. ॲट्रोपिननेही हृदयाची गती आणखी वाढण्याचीच भीती होती.

पुढचा निर्णय अवघड होता : इथेच शॉक द्यायचा की यवतमाळला पाठवायचे? बाईंनी आधी कधी एकटीने शॉक दिला नव्हता. रक्तदाब 80 असताना रस्त्यावरचा तासभर हा जुगारच ठरला असता, म्हणून तिथेच द्यायचे ठरले. मिडाझोलामने गुंगी आणली, डिफिब्रिलेटर (शॉक देणारे यंत्र) ठोक्यांशी सिंक्रोनाइज करून 100 ज्यूल दिले आणि एका शॉकमध्ये ताल पूर्ववत झाला. मग ताल आवरणाऱ्या अमिओडॅरोनचे ड्रिप सुरू करून 108 रुग्णवाहिकेने, हैदराबाद महामार्गावरून हिंगणघाट, जांब करत, नागपूरला पाठवले.

या सगळ्यात एक गोष्ट छोटी दिसते, पण पुढे तिचे मोल फार झाले. शॉक देण्यापूर्वी बाईंनी पूर्ण बारा लीडचा ईसीजी काढला होता आणि त्याची प्रत फाइलला लावली होती. मॉनिटरवर एका लीडची पट्टी पाहून शॉक देणे त्या घाईत सोपे होते. पण चक्रातला प्रवाह व्रणाच्या कोणत्या कडेने बाहेर पडतो, याचा अंदाज बारा लीडवरूनच बांधता येतो.

नागपूर : आधी जीव राखायचा

अँजिओग्राफीत पुढची मुख्य धमनी जुनीच बंद निघाली, नवा अडथळा नव्हता. म्हणजे हा नवीन अटॅक नव्हता, जुन्या व्रणाचेच काम होते. इकोत पंपिंग 30 टक्के, हृदयाच्या टोकाला फुगवटा, आत गुठळी नाही.

पर्याय तीन होते. नुसत्या गोळ्या. आयसीडी, म्हणजे कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसणारे, ताल बिघडला की स्वतःहून शॉक देणारे मशीन. किंवा आयसीडी आणि त्यासोबत कॅथेटर ॲब्लेशन, म्हणजे मांडीच्या शिरेतून तार हृदयात नेऊन त्या चक्राची वाटच जाळणे.

आयसीडी बसवायचे ठरले, आणि ते बरोबर होते. एवढ्या कमकुवत हृदयात एकदा व्हीटी येऊन गेल्यावर अचानक मृत्यूपासून वाचवणारा सगळ्यात भक्कम पुरावा आयसीडीच्याच बाजूने आहे. 1980 मध्ये माणसात पहिल्यांदा बसवलेल्या या यंत्राने तेव्हापासून असंख्य जीव राखले आहेत. पैशाचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होती. वरचे पैसे मुलाने कंपनीतून उचल घेऊन आणि मामाकडून उसने आणून भरले.

ॲब्लेशनचा विषय त्या भरतीत घरच्यांपर्यंत आलाच नाही. एकच झटका, पैसे संपलेले, माणसे थकलेली, हे मला समजते. पण आयसीडी शॉक देते, व्हीटी येणे थांबवत नाही, एवढे वाक्य तरी त्यांना मराठीत सांगायला हवे होते. डिस्चार्ज कार्ड चार पानांचे होते, सगळे इंग्रजीत. महादेवराव घरी आले ते "आता मशीन बसवली, बिमारी गेली" असे समजून.

लपवलेला पहिला शॉक

जानेवारी 2023 मध्ये तुरीच्या शेतात त्यांना शॉक बसला. छातीत कोणी लाथ घातल्यासारखे वाटले आणि ते खाली बसले. त्यांनी कोणाला सांगितले नाही. नंतर मला म्हणाले, "मशीननं आपलं काम केलं, म्हून बरंच हाय असं वाटलं." एका शॉकनंतर बरे वाटत असेल तरी एक-दोन दिवसांत दवाखान्यात कळवायचे, आणि चोवीस तासांत दोन किंवा जास्त बसले तर लगेच निघायचे, हा नियम त्यांना कोणी दिला नव्हता.

गावात मात्र बातमी फुटली. शॉक बसताना याला शिवले तर करंट लागतो, असे पसरले. शेजारणींनी बायकोला वेगळे झोपायचा सल्ला दिला. वास्तविक शॉकच्या क्षणी अंगाला हात असला तरी फार तर मुंगी आल्यासारखे होते, इजा होत नाही. ही साधी गोष्ट कोणी न सांगितल्यामुळे त्या घराने कित्येक आठवडे नाहक भीतीत काढले. हे मला कुठल्याही तांत्रिक चुकीइतकेच गंभीर वाटते.

मे महिन्यातली रात्र

मे 2023. पारा 44 च्या पुढे. लग्नातले जेवण, त्यानंतर दोन दिवस जुलाब. पायावरची सूज उतरवणारी फ्रुसेमाइडची गोळी मात्र नेमाने चालू, कारण "गोळ्या बंद करू नका" असे मीच बजावले होते आणि जुलाबात ती कशी कमी करायची हे त्यांच्याकडे लिहिलेले नव्हते. रात्री अकराला पहिला शॉक बसला. माझ्याकडे पोहोचेपर्यंत चार झाले होते, माझ्यासमोर आणखी तीन झाले. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा व्हीटी आली तर तिला विद्युत वादळ म्हणतात. महादेवराव पूर्ण शुद्धीवर होते आणि पुढचा शॉक कधी बसतो याची वाट पाहत थरथरत होते. "सायेब, हे मशीन काढून टाका, मले मरू द्या," असे ते म्हणत होते.

मुलगा म्हणाला, मशीन बंदच करता येत नाही का? लोहचुंबक ठेवून शॉक तात्पुरते रोखता येतात, हे खरे आहे. पण मॉनिटरवर दिसणारी व्हीटी खरी होती, मशीन चुकत नव्हते. त्या क्षणी मशीन गप्प करणे म्हणजे एकमेव राखणदाराला घरी पाठवणे, म्हणून मी चुंबक वापरले नाही.

जुलाब आणि त्या गोळीमुळे रक्तातले पोटॅशियम खूप खाली, 2.9 वर आले होते. ठरलेले उपचार केले : पोटॅशियमचे ड्रिप, मॅग्नेशियम 2 ग्रॅम, अमिओडॅरोन शिरेतून, प्रोप्रॅनोलॉल अगदी सावध मात्रेत, आणि मिडाझोलामने शांत झोप. झोपेचे औषध इथे मलमपट्टी म्हणून नव्हते. भीती आणि वेदनेने अंगात ॲड्रेनालिन उसळते, त्याने पुन्हा व्हीटी येते, तिला पुन्हा शॉक बसतो. हे चक्र तोडणे हा उपचारच आहे. पहाटेपर्यंत शॉक थांबले. तास दोन तास ताल टिकलेला पाहून, नागपूरला आधी फोन करून, डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर असलेल्या 108 मधून त्यांना पाठवले.

पर्यायांची तुलना

नागपुरात घरच्यांची पहिली मागणी अगदी समजण्यासारखी होती. जुलाबामुळे झाले, जुलाब थांबले, पोटॅशियम भरले, आता घरी सोडा. मशीनची मेमरी तपासली तेव्हा उत्तर मिळाले. जानेवारीच्या आणि मेच्या सगळ्या व्हीटींचे चक्र, म्हणजे दोन ठोक्यांमधले अंतर, जवळपास 320 मिलिसेकंदांचे होते, आणि सप्टेंबरच्या त्या ईसीजीवरचे अंतरही तेवढेच. जानेवारीत जुलाब नव्हते, ऊन नव्हते. पोटॅशियम हे मेमधले निमित्त होते. फिरण्याची वाट आधीपासून तिथेच होती.

दुसरा पर्याय अमिओडॅरोन वाढवण्याचा. ते औषध काम करते, पण थायरॉइड, फुप्फुस आणि यकृतावर त्याची किंमत पडते. शिवाय ते घेणाऱ्याची कातडी उन्हात भाजून काळवंडते, आणि दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला हा दुष्परिणाम किरकोळ नाही. महादेवरावांच्या मनगटांवर आणि मानेवर तो आधीच दिसत होता.

तिसरा पर्याय ॲब्लेशन. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या व्हॅनिश चाचणीत अशाच रुग्णांची तुलना केली होती : जुना अटॅक, आयसीडी आणि औषधे चालू असूनही व्हीटी. मृत्यू, व्हीटीचे वादळ किंवा मशीनचा योग्य शॉक यांपैकी काहीतरी ॲब्लेशन गटात 59 टक्के, तर औषधे वाढवलेल्या गटात 68.5 टक्के रुग्णांना झाले. फरक खरा आहे, पण ॲब्लेशन केलेल्यांतही निम्म्याहून जास्त जणांना काहीतरी झालेच, आणि आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टनी, म्हणजे हृदयाच्या तालाच्या तज्ज्ञांनी, हे जसेच्या तसे सांगितले. पक्षाघात, हृदयाभोवती रक्त साचणे, मांडीत रक्तस्राव हे धोके आणि मृत्यूची थोडी पण खरी शक्यता, हेही सांगितले.

मुलगा तयार होता, आई नव्हती. बायकोने विचारले, "केलं तं झटके बंद होतीन का?" डॉक्टर म्हणाले, कमी होतील अशी चांगली आशा आहे, शब्द देऊ शकत नाही. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांचा डॉक्टरांवर विश्वास बसला तो या उत्तरामुळे. निर्णय शेवटी महादेवरावांनीच घेतला. पुन्हा तशी रात्र नको, एवढेच ते म्हणाले.

खर्चासाठी योजनेसोबत मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज केला. अर्जाची कागदपत्रे जमवताना बरीच धावपळ झाली, पण मदत मिळाली.

ॲब्लेशन

आधी इको करून हृदयात गुठळी नाही याची पुन्हा खात्री केली, कारण असली तर तार फिरवताना ती सुटून मेंदूत जाऊ शकते. मांडीच्या शिरेतून कॅथेटर वर नेऊन, दोन कर्णिकांमधल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या) पडद्याला बारीक छिद्र पाडून डाव्या बाजूला गेले. संगणकावर हृदयाचा त्रिमितीय नकाशा बनवला. जिथे विद्युतसंकेत 0.5 मिलिव्होल्टच्या खाली तिथे दाट व्रण, 1.5 च्या वर निरोगी स्नायू, आणि त्या दोघांमधला पट्टा सगळ्यात धोक्याचा. चक्राच्या वाटा तिथेच असतात.

व्हीटी मुद्दाम सुरू करून पाहिली, तर ती सप्टेंबरच्या ईसीजीसारखीच निघाली. पण ती चालू झाली की रक्तदाब पडत असल्याने फार वेळ चालू ठेवता येत नव्हती. इथे ग्रामीण रुग्णालयातला तो कागद उपयोगी पडला : नेमके कोणत्या कडेला शोधायचे हे आधीच ठाऊक होते. मग हृदय शांत तालात असतानाच, व्रणातले उशिरा येणारे संकेत शोधून ती ठिकाणे रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळली. टोकातून सलाइन वाहत राहणारा कॅथेटर वापरतात, त्यामुळे पृष्ठभाग करपत नाही आणि उष्णता खोल जाते. 50 अंशांच्या वर तापलेला स्नायू कायमचा निकामी होतो. पाच तासांहून जास्त वेळ लागला.

शेवटी तपासले तेव्हा नेहमीची व्हीटी पुन्हा सुरू होईना. दुसरी एक, जास्त वेगाची, मात्र खूप जोर दिल्यावर येत होती. तिच्यामागे न लागण्याचे ठरले. हृदय थकलेले होते आणि ती व्हीटी रुग्णाला आपणहून कधी आली नव्हती. मला हा संयम फार योग्य वाटतो. मांडीत रक्त साचून मोठी गाठ झाली, ती आठवड्याभरात विरली.

निष्पत्ती

त्यानंतरच्या पहिल्या वर्षात एकही शॉक नाही. 2024 च्या पावसाळ्यात मशीनने एकदा व्हीटी ओळखली, पण जलद ठोके देऊनच ती मोडली. महादेवरावांना कळलेही नाही. अमिओडॅरोन निम्म्यावर आणले. तपासणीत टीएसएच वाढलेले, म्हणजे थायरॉइड मंदावलेले निघाले, थायरॉइडची गोळी सुरू केली. पंपिंग 30 टक्क्यांच्या आसपासच आहे, कारण मेलेला स्नायू ॲब्लेशनने परत येत नाही. हृदयाच्या कमजोरीची चारही औषधे आता नियमित चालू आहेत.

शॉकची भीती मात्र शॉक थांबल्यावरही बरेच महिने राहिली. ते एकटे शेतात जात नसत, रात्री दिवा बंद करू देत नसत. मशीन तपासताना समुपदेशकाशी दोन-तीन वेळा बोलणे झाल्यावर थोडा फरक पडला.

शेतीचा एक प्रश्न आमच्या भागात प्रत्येक आयसीडी रुग्णाला विचारावाच लागतो. रानडुकरांसाठी धुऱ्यावर सोलरवर चालणारी झटका तार असते. तिचा स्पर्श झाला तर आयसीडी त्या ठोक्यांना व्हीटी समजून विनाकारण शॉक देऊ शकते. आता तार चालू-बंद करण्याचे काम पुतण्याकडे आहे, आणि महादेवराव धुऱ्याकडे जाण्याआधी त्याला हाक मारतात.

वेगळे काय करता आले असते

2016 नंतरच्या तुटलेल्या गोळ्या हे या प्रकरणातले सगळ्यात मोठे नुकसान आहे. त्या चालू राहिल्या असत्या तर कदाचित पंपिंग सुधारले असते. ते सुधारले नाही तरी, 35 टक्क्यांच्या खाली राहिलेल्या रुग्णाला व्हीटी येण्याआधीच आयसीडीचा विचार करता येतो. पाठपुरावाच नसल्याने तो प्रश्न कोणापुढे आलाच नाही.

ॲब्लेशन सप्टेंबर 2022 मध्येच करायला हवे होते का? त्या वेळच्या पुराव्यावर मी "हो" म्हणणार नाही. पण 2024 च्या व्हॅनिश-2 चाचणीने विचार बदलायला लावला आहे. तिच्यात ॲब्लेशन हा पहिलाच उपचार म्हणून अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉलशी ताडून पाहिला, आणि मुख्य निष्पत्ती, म्हणजे मृत्यू किंवा व्हीटीचे गंभीर प्रसंग, ॲब्लेशन गटात 50.7 टक्के, औषध गटात 60.6 टक्के आली. आज असा रुग्ण आला तर आयसीडीच्याच भरतीत ॲब्लेशनची चर्चा व्हावी आणि नको असेल तर "नको" हे घरच्यांनी समजून म्हणावे, असा माझा आग्रह राहील. निदान जानेवारीच्या शॉकनंतर ती चर्चा झाली असती तर मेमधली रात्र टळण्याची चांगली शक्यता होती.

यातून आम्ही तालुक्यात दोन गोष्टी सुरू केल्या. आयसीडीच्या प्रत्येक रुग्णाला मराठीत एक पान देतो : मशीन काय करते आणि काय करत नाही, एका शॉकनंतर कोणाला फोन, दोन शॉकनंतर कुठे जायचे, जुलाब-उलटी झाली तर कोणती गोळी थांबवून त्याच दिवशी पोटॅशियम तपासायचे, झटका तारेपासून किती सांभाळायचे. दुसरे, ग्रामीण रुग्णालयातल्या डिफिब्रिलेटरची बॅटरी आणि सिंकचे बटण दर सोमवारी सिस्टर तपासतात व वहीत सही करतात. व्हीटीचा रुग्ण शुद्धीवर असेल तर शॉकआधी बारा लीडचा ईसीजी काढायचा, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.